नवा टॅब कोणी उघडायचा : प्रकल्प नोंदी

४ मार्च

आज काम हातात आलं. मागणी एका ओळीची आहे : "लेखांतल्या सगळ्या लिंका नव्या टॅबमध्ये उघडल्या पाहिजेत." मागणी संपादक सरांची. कारणही त्यांनी सांगितलं. वाचक लिंकवर गेला की परत येत नाही, लेख अर्धवट राहतो.

आमचा संग्रह अभ्यासलेखांचा आहे. लेख लांबलचक, मधेमधे संदर्भांच्या लिंका, आणि प्रत्येक लेखाखाली एक उत्तरपत्रिका. विद्यार्थी तिथल्याच चौकटींत उत्तरं लिहितात आणि पाठवतात.

आधी सध्याची स्थिती बघितली. लेख चढवताना लिंक जोडायच्या खिडकीत एक चौकोन येतो, 'नव्या टॅबमध्ये उघडा'. ज्याने लेख चढवला त्याने मनाला येईल तशी टिक केली आहे. एकाच लेखात पहिल्या परिच्छेदातली लिंक त्याच टॅबमध्ये उघडते, दुसऱ्यातली नव्या, तिसऱ्यातली पुन्हा त्याच. क्लिक करायच्या आधी पुढे काय होणार याचा अंदाज वाचकाला आलाच पाहिजे. इथे तो कुणालाच येणार नाही. काहीही ठरलं तरी ते सगळीकडे सारखं हवं, एवढं मी स्वतःशी पक्कं केलं. सरांचं म्हणणंही मला पटलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

५ मार्च

सगळ्यात जवळचा रस्ता धरला. पानाच्या शीर्षभागात 'बेस' नावाचा टॅग टाकता येतो. त्यात टार्गेट म्हणून, म्हणजे लिंक कुठे उघडायची ते सांगायला, '_ब्लँक' लिहिलं की ज्या लिंकांना स्वतःचं टार्गेट नाही त्या सगळ्या नव्या टॅबमध्ये उघडतात. एका ओळीचं काम. चाचणी सर्व्हरवर टाकलं आणि दहा मिनिटांत काढलं.

लेखाच्या वर अनुक्रमणिका आहे. तिच्यातल्या लिंका त्याच पानावरच्या मथळ्यांकडे नेतात. 'प्रकरण तिसरे'वर क्लिक केलं तर अख्खा लेख नव्या टॅबमध्ये पहिल्यापासून लोड झाला आणि मग तिसऱ्या प्रकरणापाशी येऊन थांबला. तळटीपांचंही तेच. टीप वाचायला गेले तर एक टॅब, टीपेवरून वर यायच्या बाणावर क्लिक केलं तर आणखी एक. तेवढ्यावर थांबलं नाही. 'बेस'चं टार्गेट फॉर्मलाही लागू होतं, त्यामुळे शोधाच्या चौकटीत शब्द लिहून एंटर दाबलं की निकालही नव्या टॅबमध्ये.

पाच मिनिटं वापरून माझ्याकडे अकरा टॅब झाले. त्यातले आठ एकाच लेखाचे होते.

७ मार्च

ही सवय आली कुठून ते नीट समजून घ्यायला आजचा दिवस दिला. वेळ वाया गेला नाही.

टार्गेट हा गुणधर्म नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या ब्राउझरमधून आला, १९९६ साली, आणि तो आला फ्रेम्सच्या जोडीने. पानाचे तुकडे करून डावीकडे यादी आणि उजवीकडे मजकूर अशी मांडणी करायची, तर यादीतली लिंक उजव्या तुकड्यात उघड हे ब्राउझरला सांगावं लागे. टार्गेट त्यासाठी होतं. '_ब्लँक' म्हणजे कुठल्याच तुकड्यात नको, कोरी नवी विंडो दे. तेव्हा टॅब नव्हते. सर्वाधिक वापरात असलेल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये टॅब आले ते थेट सातव्या आवृत्तीत, २००६ च्या ऑक्टोबरमध्ये. मोझिला आणि ऑपेरा वापरणाऱ्यांना ते आधीच मिळाले होते. बाकीच्यांसाठी तोवर प्रत्येक '_ब्लँक' म्हणजे पडद्यावर आणखी एक विंडो, जुनीवर चढून बसलेली.

मधल्या काळात हा गुणधर्म जवळजवळ बाहेर काढला गेला होता. एचटीएमएल ही वेबपानं लिहायची भाषा. १९९९ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या एचटीएमएल ४.०१ च्या कडक प्रकारात, म्हणजे 'स्ट्रिक्ट'मध्ये, तो नाही. लिंक कुठे न्यायची ते पान सांगेल, कुठल्या विंडोत दाखवायची ते वाचणारा बघून घेईल, असा तो विचार. पण लोकांना नव्या विंडो हव्याच होत्या. मग त्यांनी लिंकेला 'एक्स्टर्नल' असा शेरा मारायचा आणि जावास्क्रिप्टने, म्हणजे पानात चालणाऱ्या कोडने, पान उघडल्यावर मागच्या दाराने टार्गेट चिकटवायचं, अशी पळवाट काढली. तपासणीत पान शुद्ध, वापरताना तेच. शेवटी २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये टार्गेट रीतसर परत आलं.

आणखी एक गोष्ट, जी सरांना सांगावी लागेल. नवा टॅब की नवी विंडो, हे साध्या लिंकेतून आपण ठरवू शकत नाही. आपण फक्त 'नवीन' म्हणतो. टॅब द्यायचा की विंडो, ते ब्राउझर आणि वाचकाने केलेलं सेटिंग ठरवतं. म्हणजे मागणीतला 'टॅब' हा शब्दसुद्धा आपल्या हातातला नाही.

११ मार्च

आज चाचणीला काका आले होते. निवृत्त शिक्षक, संग्रह नियमित वाचतात, आणि मी शेजारी बसले तर त्यांना चालतं. बाहेरच्या लिंका नव्या टॅबमध्ये उघडतील अशी आवृत्ती त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही.

त्यांनी ग्रहणांवरचा लेख उघडला. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी सुमारे ५ अंशांनी कललेली असते, म्हणून दर अमावस्येला सूर्यग्रहण होत नाही, या वाक्यापाशी ते थांबले. वाक्यात 'कललेली' या शब्दावर लिंक आहे. त्यांनी ती दाबली. नवं पान पडदाभर आलं. वरच्या पट्टीत एक टॅब वाढला, पण त्यांची नजर तिकडे नव्हतीच, ती मजकुरावर होती. आकृती बघितली, मान हलवली, आणि माउस डावीकडे वर नेला, मागे जायच्या बाणावर.

बाण फिकट होता. नव्या टॅबला मागचं काही नसतं, त्याचा इतिहास या पानापासूनच सुरू होतो. काकांनी क्लिक केलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा बटण जरा वेळ दाबून धरलं, दाराची कडी अडकल्यावर आपण जोर लावून बघतो तसं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे बंद पडलंय." आणि त्यांनी बुकमार्कमधून संग्रहाचं पहिलं पान उघडलं, शोधात 'ग्रहण' लिहिलं, लेख काढला आणि स्क्रोल करत करत त्या ५ अंशांच्या वाक्यापाशी परत आले.

हे त्यांनी अर्ध्या तासात चार वेळा केलं. चौथ्या वेळेला वाक्य सापडेना, तेव्हा त्यांनी लेख सोडून दिला.

मी सांगितलं, "काका, तो टॅब बंद केला की मागचा लेख तिथेच आहे." ते म्हणाले, "बंद केलं तर सगळंच जाईल ना?" त्यांच्या लेखी बंद करणं म्हणजे उठून जाणं. मागे येण्यासाठी बंद करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि कुणी का सांगावं? मागे येण्यासाठी बाण आहे, तो सगळीकडे चालतो, इथे मी तो काढून घेतला.

लेख अर्धवट राहू नये म्हणून केलेल्या गोष्टीने माझ्या डोळ्यांसमोर लेख अर्धवट राहिला.

१२ मार्च

स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या प्रोग्रामवर, चाचणी. करणाऱ्या ताई कीबोर्डवर माझ्यापेक्षा कितीतरी जलद चालतात, ऐकण्याचा वेग असा की मला एक शब्द लागत नव्हता. त्यांना विचारलं की नवा टॅब उघडल्याचं कसं कळतं. म्हणाल्या, "ऑल्ट आणि डावा बाण दाबते, काही होत नाही, तेव्हा कळतं." स्क्रीन रीडर नव्या पानाचं शीर्षक वाचतो, पण त्याच टॅबमध्ये नवं पान आलं तरी तो शीर्षकच वाचतो. कानाला फरक नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते शब्दशः टिपून घेतलं : "मला हवा असेल तेव्हा मी कंट्रोल-एंटरने स्वतः उघडते. मी उघडलेले टॅब माझ्या लक्षात असतात. तुम्ही उघडलेत की मोजत बसावं लागतं."

सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, २००८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.० मध्ये, हे वेगळ्या शब्दांत आहेच. निकष ३.२.५ म्हणतो की वाचकाचा संदर्भ, म्हणजे त्याच्यासमोरचं पान किंवा विंडो, बदलायचा तो त्याने मागितल्यावर. हा सर्वांत वरच्या, तिहेरी ए पातळीचा निकष आहे, त्यामुळे बरेच प्रकल्प तो बाजूला ठेवतात. आमच्याकडेही तो 'नंतर बघू'च्या यादीत होता. त्याच्याच जोडीची दोन तंत्रं आहेत : जी २०० सांगतं की गरज असेल तेव्हाच नवी विंडो उघडा, आणि जी २०१ सांगतं की उघडणार असाल तर आधी सूचना द्या. जी २०० मध्ये गरजेची म्हणून जी उदाहरणं दिली आहेत त्यातलं एक आमच्या उत्तरपत्रिकेला तंतोतंत लागू पडतं : फॉर्म भरता भरता बघायची मदत. त्यावर सवडीने लिहीन.

१४ मार्च

सरांशी बोलणं झालं. काकांचं सांगितलं. सर ऐकून घेणारे आहेत, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. म्हणाले, "अगं, तू म्हणतेस ते बरोबर, पण मागे येऊन तरी उपयोग काय? मी स्वतः मागे येतो तेव्हा लेखाच्या डोक्यावर येऊन पडतो. मग पुन्हा शोधत बसा. त्यापेक्षा नवा टॅब बरा."

मी म्हटलं, असं व्हायला नको. त्यांच्याच संगणकावर करून बघितलं. लेखात खोलवर स्क्रोल केलं, एका लिंकवर गेलो, बाण दाबून मागे आलो. पान पांढरं झालं, गोल फिरायला लागला, लेख पहिल्यापासून लोड झाला आणि वर शीर्षक दिसायला लागलं. आम्ही होतो त्या जागेचा मागमूस नाही.

म्हणजे मागे यायची वाट आम्हीच मोडली होती, आणि ती मोडलीय म्हणून नवे टॅब हवे होते. सरांची तक्रार पहिल्यापासून खरी होती, फक्त तिला दिलेलं नाव चुकीचं होतं. वापरसुलभतेवर काम करणारे जेकब नील्सन यांनी १९९९ साली वेबवरच्या नव्या चुकांची यादी केली होती. तिच्यात पहिली चूक मागच्या बाणाची मोडतोड आणि दुसरी नव्या विंडो उघडणं. ती यादी मी आधी वाचली होती, पण या दोन चुका एकमेकींना इतक्या चिकटलेल्या असतील हे आज सरांच्या खुर्चीमागे उभी राहून कळलं.

प्रकल्पाचं नाव बदललं नाही, पण पहिलं काम बदललं. आधी बाण दुरुस्त करायचा. सर म्हणाले, "तो चालला तर मला नव्या टॅबचा हट्ट नाही."

१८ मार्च

तीन दिवस याच्याच मागे होते. आजवरच्या कामात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपण एका पानावरून दुसऱ्यावर गेलो की ब्राउझर पहिलं पान लगेच टाकून देत नाही. जमलं तर ते आहे तसं, स्क्रोलच्या जागेसकट, अर्धवट भरलेल्या चौकटींसकट, स्मृतीत गोठवून ठेवतो. मागे आलो की लोड न करता तेच उलगडून समोर ठेवतो. फायरफॉक्समध्ये हे १.५ पासून म्हणजे २००५ पासून आहे, क्रोमच्या डेस्कटॉप आवृत्तीत ९६ पासून, २०२१ मध्ये आलं. आमची पानं मात्र गोठवलीच जात नव्हती. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये यासाठी वेगळी तपासणी आहे. ती चालवली तर पान का नाकारलं त्याची कारणं दिसतात.

पहिलं कारण 'अनलोड', म्हणजे पान सोडलं जाताना ब्राउझर कोडला देतो ती खबर, इव्हेंट. वाचक पान सोडताना वाचनाचा वेळ मोजणारा एक तुकडा या इव्हेंटला टांगलेला होता. 'अनलोड' ऐकणारं पान डेस्कटॉपवरचे क्रोम आणि फायरफॉक्स गोठवत नाहीत. तो तुकडा 'पेजहाइड' या पान नजरेआड होतानाच्या इव्हेंटवर हलवला. आकडे पूर्वीसारखेच येतायत.

दुसरं कारण सर्व्हरकडून जाणारी सूचना, 'नो-स्टोअर'. या पानाची प्रत कुठेही ठेवू नका, असा तिचा अर्थ. लॉगिन झालेल्यांच्या पानांसाठी ती कधीतरी लावली होती आणि सगळ्याच पानांना लागली. उघडे लेख सगळ्यांसाठी सारखेच असतात, त्यांना तिची गरज नाही. लेखांवरून काढली, उत्तरपत्रिकेच्या निकालांवर ठेवली.

एवढं करूनही जिथे पान गोठत नाही तिथे वर जाऊन पडणं चालूच होतं. कोडमध्ये शोधलं तर एक ओळ सापडली : स्क्रोल रिस्टोरेशन 'मॅन्युअल'. स्क्रोलची जागा आम्ही सांभाळू, तू मधे पडू नकोस, असं ब्राउझरला सांगून ठेवलेलं, आणि सांभाळणारा कोड एका जुन्या मांडणीबरोबर कधीच उडालेला. ओळ काढली. ब्राउझरने जागा परत सांभाळायला घेतली.

शेवटचा अडथळा चित्रांचा. चित्रांना रुंदी-उंची दिलेली नव्हती, त्यामुळे ती उशिरा येऊन मजकूर खाली ढकलत आणि परत आलेला वाचक दोन परिच्छेद चुकत असे. सगळ्या चित्रांना मापं लिहिली. कंटाळवाणं काम, पण याच्याशिवाय बाकीचं फुकट होतं.

संध्याकाळी ग्रहणांच्या लेखात ५ अंशांच्या वाक्यावरून दहा वेळा बाहेर गेले आणि दहा वेळा त्याच वाक्यावर परत आले. क्षणभरही पांढरं पान दिसलं नाही.

२० मार्च

ताईंचं वाक्य डोक्यात होतं, 'मी स्वतः उघडते'. तर ते स्वतः उघडणं आमच्याकडे चालतं का? एका वाचकाची जुनी तक्रार पडून होती की माउसच्या मधल्या बटणाने लिंक नव्या टॅबमध्ये उघडते, पण कंट्रोल धरून क्लिक केलं तर त्याच टॅबमध्ये. 'पुन्हा घडवता आलं नाही' असा शेरा मारून ती बंद केलेली.

लगेच घडली. संग्रहातल्या संग्रहात फिरताना पान लवकर यावं म्हणून आमची एक स्क्रिप्ट क्लिक अडवते आणि नुसता मजकूर बदलते. कंट्रोल धरून केलेलं क्लिकही साधं 'क्लिक' म्हणूनच येतं. कंट्रोल दाबलेलं आहे का ते आपण बघायचं असतं. स्क्रिप्ट बघत नव्हती. मधल्या बटणाचा इव्हेंट आताच्या ब्राउझरांत वेगळा असतो, म्हणून तो निसटून बरोबर चालत होता. आता कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट किंवा मॅकवरची कमांड यातलं काही दाबलेलं असेल, किंवा लिंकेला टार्गेट असेल, तर स्क्रिप्ट हात लावत नाही.

दुसरा दोष जास्त खोल. 'संबंधित लेख'च्या पेट्या दिसायला लिंकेसारख्या, पण आत लिंक नाहीच. नुसती चौकट आणि तिच्यावर क्लिक ऐकणारा कोड. उजवं क्लिक केलं तर 'नव्या टॅबमध्ये उघडा' हा पर्याय येत नाही, फोनवर दाबून धरलं तर काही होत नाही, कीबोर्डने तिथे पोचताच येत नाही. पेटीत खरी लिंक टाकली. वाचकाचे हे सगळे अधिकार त्या एका टॅगमध्ये असतात, आणि ते त्याला काहीही न करता आपोआप मिळतात.

२२ मार्च

सुरक्षेची बाजू. जिथे '_ब्लँक' राहील तिथे 'नो-ओपनर' लिहायचं ठरलं.

नव्या टॅबमध्ये उघडलेल्या पानाला पूर्वी 'विंडो ओपनर'मधून आपल्या मूळ टॅबचा धागा मिळत असे. तो धरून ते पान मागच्या टॅबचा पत्ता गुपचूप बदलू शके. वाचक नव्या टॅबमध्ये वाचतोय, मागे आमच्या जागी आमच्यासारखंच दिसणारं लॉगिनचं पान येऊन बसलंय, आणि परत आल्यावर तो बिनधास्त पासवर्ड टाकतोय, असं घडू शकतं. 'नो-ओपनर' हा धागा तोडतो. आता '_ब्लँक' असेल तर ब्राउझर स्वतःच तो तोडतात : सफारी १२.१ पासून, फायरफॉक्स ७९ पासून, क्रोम ८८ पासून, म्हणजे २०१९ ते २०२१ दरम्यान. तरी शब्द लिहायचाच. आमच्या वाचकांत जुन्या फोनांवरचे बरेच आहेत, आणि एका शब्दाचा खर्च काहीच नाही.

२६ मार्च

उत्तरपत्रिका. इथे माझं मत उलटं आहे आणि ते मी ठामपणे मांडलं.

विद्यार्थी उत्तर लिहितोय, प्रश्नात एका तक्त्याची लिंक आहे. त्याच टॅबमध्ये तक्ता उघडला तर लिहिलेलं डोळ्यांसमोरून जातं, आणि त्याला तक्ता आणि उत्तर दोन्ही आळीपाळीने बघायचं आहे. बाण कितीही चांगला चालला तरी इथे दोन पानं एकदम उघडी असणं हीच गरज आहे. म्हणून उत्तरपत्रिकेतल्या लिंका नव्या टॅबमध्येच.

पण नवा टॅब म्हणजे लिहिलेलं सुरक्षित, असं समजून चालणार नाही. फोनवर स्मृती कमी पडली की ब्राउझर मागचे टॅब मोकळे करतो, आणि परत आल्यावर पान नव्याने लोड होतं. माझ्या हातातल्या जुन्या फोनवर तेच झालं. तीन उत्तरं लिहिली, तक्ता उघडला, आणखी दोन जड पानं उघडली, परत आले तर चौकटी कोऱ्या. ज्या मुलाने अर्धा तास विचार करून लिहिलं असेल त्याच्यासमोर ही कोरी चौकट येणार. ते बघून त्या दिवशी दुसरं काम सुचलं नाही.

आता लिहिणं थांबलं की एका सेकंदात मसुदा ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे टॅब बंद झाला तरी टिकणाऱ्या जागेत, जातो, आणि चौकटीखाली 'मसुदा जतन झाला' असं दिसतं. पाठवल्यावर पुसला जातो, कारण एकच संगणक बरेच जण वापरतात. 'मसुदा पुसा' हे बटणही दिलं.

जाता जाता एक छोटा दोष सापडला. वाचकाने मोठी केलेली अक्षरं संग्रहातला तक्ता नव्या टॅबमध्ये उघडल्यावर पुन्हा लहान. आम्ही अक्षरांचा आकार सेशन स्टोरेजमध्ये, म्हणजे त्या एका टॅबपुरत्या जागेत, ठेवत होतो, आणि 'नो-ओपनर'ने उघडलेल्या टॅबला त्याची प्रत मिळत नाही. तोही लोकल स्टोरेजमध्ये हलवला.

२८ मार्च

सूचना कशी द्यायची यावर मांडणी करणाऱ्या मैत्रिणीशी अर्धा दिवस चर्चा. तिला चौकोनातून बाहेर पडणारा बाण पुरेसा वाटत होता. पण तो बाण कुणी 'बाहेरच्या ठिकाणी जाते' म्हणून वापरतं, कुणी 'नवा टॅब उघडतो' म्हणून. वाचकाने यातला कुठला अर्थ घ्यायचा? शेवटी शब्दच लिहायचं ठरलं : लिंकेच्या मजकुरातच 'तक्ता (नव्या टॅबमध्ये)'. बाण राहील, पण स्क्रीन रीडरपासून लपवलेला. सीएसएसने, म्हणजे पानाच्या मांडणीच्या कोडने, टाकलेलं चिन्हही स्क्रीन रीडर वाचू शकतो आणि ताईंना प्रत्येक लिंकेनंतर 'ईशान्य बाण' असलं काहीतरी ऐकावं लागतं.

लेखांतल्या लिंकांना काहीही खूण नाही. त्या साध्या लिंका आहेत, त्याच टॅबमध्ये उघडतात.

२ एप्रिल

संग्रहाचं छोटं ॲप आहे, आत तीच पानं दिसतात. आयफोनवर उत्तरपत्रिकेतली लिंक दाबली तर काहीच होत नव्हतं. ॲपच्या आत टॅब नसतात. नवी विंडो मागितली गेली की काय करायचं ते ॲपने सांगावं लागतं, आणि आमच्या ॲपने सांगितलं नव्हतं. आता ती लिंक फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये तीच लिंक त्याच जागी उघडत होती, तिथेही तसंच केलं.

अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये लिंकेने उघडलेल्या टॅबमधून मागे गेलं की तो टॅब बंद होऊन मूळ पान समोर येतं. चांगली सोय आहे. पण सगळीकडे नाही, म्हणून तिच्यावर काही बेतलेलं नाही.

४ एप्रिल

काका पुन्हा आले. तोच लेख, तोच संगणक.

'कललेली' दाबलं, आकृती बघितली, बाणावर गेले. आता बाण गडद होता. एक क्लिक. पडद्यावर तेच वाक्य, पडद्याच्या त्याच उंचीवर. काका काही बोलले नाहीत, पुढे वाचत राहिले, आणि ते काही बोलले नाहीत याचाच मला सर्वाधिक आनंद झाला. लेख शेवटपर्यंत वाचला. वरच्या पट्टीत एकच टॅब होता.

नंतर त्यांनीच विचारलं, "पण मला दोन्ही शेजारी शेजारी हवं असेल तर?" मी कंट्रोल धरून क्लिक करून दाखवलं. त्यांनी स्वतः केलं. वर नवा टॅब आला, पण लेख समोरून हलला नाही. ते त्या टॅबवर गेले, परत लेखावर आले, पुन्हा गेले. मग फोन काढला आणि लिंक दाबून धरली. यादी उघडली, तिच्यात तोच पर्याय.

"हे आधीपासून होतं?"

"हो काका, पहिल्यापासून."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. 'कंट्रोल'च्या पुढे कंसात 'डावीकडे खाली' असंही लिहिलं.

८ एप्रिल

जुन्या लेखांतली टार्गेटं काढायची स्क्रिप्ट आज चालवली, उत्तरपत्रिका वगळून. आधी पूर्ण प्रत घेतली. लेख चढवायच्या खिडकीतला तो टिकेचा चौकोन सरांच्या संमतीने काढून टाकला. आता उत्तरपत्रिकेच्या साच्यातच टार्गेट लागतं, लिहिणाऱ्याला ठरवावं लागत नाही.

राहिलेलं : पीडीएफच्या लिंकांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. काही ब्राउझर ती आत दाखवतात, काही उतरवून घेतात. तूर्त त्याच टॅबमध्ये ठेवल्या आहेत आणि लिंकेत 'पीडीएफ' हा शब्द आणि आकार लिहिला आहे. पुढच्या आठवड्यात ताईंना वेळ आहे, त्यांच्यासोबत बसून बघायचं.